सवयिकेचा कान

डॉ. शिरीन सतारमेकरने चिमट्यात धरलेला भाग मसुराच्या डाळीहून मोठा नव्हता. तिने तो भिंगाखाली उलटा केला, सुलटा केला आणि पुन्हा तबकात ठेवला.

"ठणठणीत आहे, ताई. यात खोट काढायची तर आधी माझ्या डोळ्यांत काढावी लागेल."

ऋजुताताई पेंढरकरांनी मान वर केली नाही. त्यांच्या पुढ्यात माहितीपुस्तिकांचा ढीग होता. कुणाचे मुखपृष्ठ गेलेले, कुणाची मधली पाने उंदरांनी नेलेली. उरलेल्या पानांवरून पुस्तिका कुठल्या यंत्राची हे ओळखायचे आणि त्या यंत्राचे स्क्रू, पट्टीतारा, इवले पंखे ज्या खणात असतील त्या खणाशेजारी ती लावायची, हे त्यांचे काम. एके काळी त्या कामात त्यांना सुख वाटायचे. आता ढिगातली एक पुस्तिका हातावेगळी केली की खालून दोन वर आल्यासारखे वाटे.

"ठणठणीत आहे, तर मग तासगावच्या आजींचा पंखा का थांबला?"

"तेच तर कळत नाही."

मिरजेच्या रेल्वेयार्डालगतचे ते जुने धान्यगोदाम आता गृहसंगणकांच्या सुट्या भागांचे भांडार झाले होते. घरातले दिवे, पंखे, कुलपे, औषधांच्या वेळा, आजाऱ्याचा प्राणवायू असे सगळे नुसत्या बोलण्यावर सांभाळणारी ही यंत्रे बनवणारी कंपनी बुडून एक पिढी लोटली होती. त्यानंतर अधिक हुशार यंत्रे आली, पण लोकांना जुनी टाकवत नव्हती. जुने यंत्र घराला सरावलेले असे. आजोबांचा बोबडा उच्चार त्याला कळे, आणि सून पाणी तापव म्हणाली तर किती, हे तिला सांगावे लागत नसे. म्हणून एखादा भाग गेला की माणसे मिरजेची वाट धरत. ऋजुताताई खण उघडून नेमका भाग हातावर ठेवत, सोबत पुस्तिकेचे पान देत.

त्यांच्या स्वतःच्या घरीही, सांगलीला, असाच एक गृहसंगणक होता. त्यांचे यजमान सुमेध यांची उमर ओतशाळेच्या धुळीत गेली होती, आणि आता ती धूळ त्यांच्या छातीतून निघायला तयार नव्हती. खाटेशेजारच्या संचातून नाकाशी प्राणवायू येई. केव्हा किती सोडायचा ते संगणक पाही. मागच्या महिन्यात त्यातला एक भाग मंदावला, तेव्हा ताईंनी इथूनच नवा नेऊन स्वतः बसवला होता. सुमेधरावांचा श्वास त्या मसुराएवढ्या भागावर चालला होता म्हटले तरी चालेल.

त्या भागाचे नाव सवयिका. आणि गेल्या काही आठवड्यांत ज्या विचित्र तक्रारी येत होत्या, त्या सगळ्या सवयिकेच्याच होत्या.

तासगावच्या आजी उकडते म्हणून म्हणाल्या, 'पंखा वाढव,' तर पंखा थांबला. कवठ्याच्या एका घरात भजन लागले होते. कानाने अधू आजोबा म्हणाले, 'आवाज वाढव,' आणि भजनच काय, घरातला दिवासुद्धा गेला. तिथल्या सासूबाईंनी तर सुनेवरच आळ घेतला, की हिनेच यंत्राला माझ्याविरुद्ध फितवले. सून रडत भांडारात आली होती. ताईंनी तिला आधी चहा दिला आणि मग दुसरी सवयिका.

"आणि ते बुधगावचे चौगुले?" शिरीनने विचारले.

"त्यांचं वेगळंच आहे. दारावरचा दिवा दिवसरात्र जळतो, काही केल्या जात नाही म्हणतात. सत्तरीचे आहेत, एकटेच. फोनवर बोलता बोलता मध्येच थांबतात. मला धीर होत नाही फार विचारायचा."

"तो दिवा बाजूला ठेवू सध्या. 'वाढव'चं बघू."

ताईंनी चष्मा काढून डोळे चोळले. "मला एकदा नीट समजावून सांग बाई. भाग कुठला आणि कुठं बसतो ते मी झोपेत सांगेन. पण तो करतो काय, हे मला कधी धड कळलंच नाही."

शिरीन विद्यापीठात पदार्थविज्ञान शिकवायची, पण तिचे घराणे मिरजेच्या सतारी करणाऱ्यांचे. भोपळ्याच्या आणि लाखेच्या वासात वाढलेली मुलगी. तिला उदाहरण शोधायला लांब जावे लागले नाही.

"आमच्याकडे सतार बघितलीत ना? वर वाजवायच्या तारा आणि खाली तरफेच्या. तरफेला कुणी हात लावत नाही. पण वर सूर लागला की खालची त्याच सुराची तार आपोआप बोलते. सवयिका म्हणजे तशी तरफ. फरक इतकाच, की तरफ अब्बांना जुळवावी लागते, ही स्वतःच जुळत जाते. एक आवाज झाला आणि पाठोपाठ विजेचा प्रवाह बदलला, असं पुन्हा पुन्हा झालं, की हिच्या आतल्या कणांची मांडणी तशी वळते. मग पुढं नुसता आवाज झाला तरी पुरतो. ती स्वतःच प्रवाह तसा बदलायला लावते."

"म्हणजे तिला मराठी कळतं."

"अक्षर कळत नाही. 'वाढव' म्हणजे काय, तिला पत्ता नाही. या आवाजामागून हे होतं, एवढंच तिला ठाऊक. घोड्याला 'हो' म्हटलं की थांबतो. त्याला कुठं आपण होकार देतोय असं वाटतं?"

ताई बऱ्याच दिवसांनी हसल्या. "मग 'वाढव' म्हटलं की कमी करायचं, ही उलटी सवय कुणाच्या घरात लागली?"

"इथंच माझं घोडं अडलंय. या तिन्ही सवयिका कोऱ्या होत्या. कंपनीच्या पेटीतून इथं आल्या, इथून लोकांकडे गेल्या. त्या आधी कुठल्याच घरात राहिलेल्या नाहीत."

सवयिका कोऱ्या असल्या तरी त्यांना उपाशी ठेवून चालत नसे. वीज पूर्ण तोडली की त्या कायमच्या मरत. म्हणून भांडारात एका भिंतीला जागत्या फळ्या होत्या. फळीवर ओळीने सवयिका मांडलेल्या आणि त्यांना जीव राहील इतका बारीक प्रवाह सतत दिलेला. पुस्तिकेत त्याला धुगधुगी म्हटले होते. त्याच पानावर पुढे एक वाक्य होते, 'शांत जागी साठवावे.' औषधाच्या बाटलीवर 'थंड व कोरड्या जागी' असते तसे ते ताईंनी वाचले होते. गाड्यांचे हादरे बसू नयेत म्हणून फळ्यांखाली रबराच्या टाचा बसवून घेतल्या होत्या. आणखी काय करणार?

बोलता बोलता उन्हे उतरली. शिरीनने एक सवयिका फळीवरून सोडवून आपल्या मेजावर घेतली, तिला एक छोटी बॅटरी जोडली आणि मोजणीयंत्राचे चिमटे लावले. "तुम्ही निघा ताई, मी जरा बसते. आज घरी नवी मुलगी आली ना सोबतीला?"

"सानिका. पोरगी चुणचुणीत आहे. सगळं सांगून आलेय तिला. पण जीव अर्धा तिकडेच असतो."

ताईंनी हात धुतले. कोपऱ्यातल्या फडताळात अन्नपूर्णेची लहानशी तसबीर होती, तिच्यापुढे निरांजन लावले. दोन ओळी मनातल्या मनात म्हटल्या. हा त्यांचा रोजचा नेम. ताप असो, पाऊस असो, तो चुकला नव्हता. नेमाचा दुसरा भाग जिभेचा होता. त्यांच्या वडिलांचे कड्याकोयंड्यांचे दुकान होते. संध्याकाळी वडील कधी 'दुकान बंद करा' म्हणाले नाहीत. म्हणायचे, 'दुकान वाढवा.' आई बांगडी फुटली म्हणायची नाही, वाढवली म्हणायची. घरातले कुंकू कधी संपले नाही, ते वाढले. वास्तू सतत तथास्तु म्हणत असते, तेव्हा अभद्र शब्द तोंडातून काढू नये, हे त्या घरात मुलांना अक्षरओळखीच्या आधी शिकवले जाई. ताईंनी ते आयुष्यभर पाळले. आणि आणखी एक पाळले, खोटे न बोलण्याचे. त्यातले कुठले जास्त अवघड, हे त्यांचे त्यांनाच ठाऊक.

पदर खांद्यावर सारखा करून त्या दाराशी गेल्या आणि रोजच्यासारख्या, दमलेल्या मऊ आवाजात भांडाराला म्हणाल्या, "वाढवा आता. येते हं."

भांडाराच्या संगणकाने आज्ञा पाळली. पंखे थांबले. शिरीनच्या मेजावरचा एक दिवा सोडून बाकीचे गेले. जागत्या फळ्यांचा प्रवाह रात्रीपुरता अगदी तळाला गेला. राखणीला म्हणून दाराबाहेरचा दिवा तेवढा लागला.

"ताई, जाऊ नका," शिरीन म्हणाली. ती मोजणीयंत्राकडे बघत होती. "आत्ता म्हणालात ते पुन्हा म्हणा."

"काय म्हणाले मी?"

"वाढवा."

मेजावरच्या यंत्राचा काटा, जो आधीच अर्ध्यावर उतरला होता, शिरीनच्याच शब्दाने जरासा थरथरला. ताईंनी मग तोच शब्द म्हटला, आणि काटा दगड पाण्यात जावा तसा खाली गेला.

शिरीनने वाकून चिमटे पुन्हा तपासले.

"हिला फळीचा प्रवाह जोडलेलाच नाही," शिरीन सावकाश म्हणाली. "ही माझ्या बॅटरीवर आहे. भांडारानं वीज कमी केली म्हणून नाही, तुमचा शब्द ऐकून ही स्वतःच मिटली. ताई, या कोऱ्या नाहीत. आपण म्हणत होतो कुठल्या घरात राहिल्या नाहीत. त्या इथं राहिल्या. हेच त्यांचं घर. वर्षानुवर्षं रोज संध्याकाळी एकच आवाज, एकच शब्द, आणि पाठोपाठ अंधार. तुमच्या आवाजावर तर त्या पुऱ्या जुळल्यात. बाकी कुणी म्हटलं तरी सवय आता इतकी मुरलीय की बहुतेक वेळा चालून जातं."

"शांत जागी साठवावे," ताई पुटपुटल्या.

"म्हणजे जिथं कुणी बोलत नाही अशा जागी. आपण रबराच्या टाचा लावल्या." शिरीनला हसू आले आणि तिने ते लगेच आवरले. "तुमची वास्तू खरंच तथास्तु म्हणत होती की. फक्त शब्दाला नाही म्हणत, शब्दामागून जे घडलं त्याला म्हणते."

ताईंचा हात दाराच्या चौकटीवर होता. तो तिथेच राहिला. "शिरीन, घरच्या यंत्रात मी इथलीच बसवलीय."

"घरी तुम्ही 'वाढव' म्हणता?"

"मी नाही म्हणत. मी 'जरा जास्त सोड' म्हणते." त्यांचा आवाज खाली गेला. "पण सकाळी निघताना सानिकाला सांगितलंय. त्यांना दम लागला तर 'वाढव' म्हण, यंत्र ऐकतं."

त्या फोन लावणार इतक्यात फोनच वाजला.

"ताई, मी सानिका. यंत्र गप्प झालंय. काकांना धाप लागली म्हणून मी म्हटलं वाढव, तर सगळंच थांबलं. घरात दिवापण नाही. चालू कर म्हणतेय, सुरू हो म्हणतेय, पुन्हा पुन्हा वाढव म्हणतेय, काही ऐकत नाही."

"खाटेखाली लहान नळकांडं आहे ते—"

"लावलंय ताई. पण काटा लाल रेघेवर आलाय. गाडी बोलावलीय, ती म्हैसाळ फाटकाला अडकलीय म्हणतात."

शिरीनने ते ऐकले होते. ती घाईघाईने, पण एकेक पायरी मांडत बोलू लागली. "आता ती दुसरं काही ऐकणार नाही. इथं तो शब्द झाल्यावर रात्रभर कुणी बोलत नाही. म्हणजे त्या शब्दामागून कुठल्याच आवाजानं काही घडत नाही, हेही ती शिकलीय. ती सकाळची वाट बघतेय. ताई, सकाळी इथं आल्यावर पहिला शब्द काय म्हणता तुम्ही?"

ताईंना आठवावे लागले नाही. "सानिका, फोन संगणकाच्या अगदी जवळ धर. आणि तू बोलू नकोस."

पलीकडे घासल्यासारखा आवाज झाला. मग शांतता, आणि त्या शांततेत दूरवर फाटक्या भात्यासारखा एक श्वास. तो श्वास ताई चाळीस वर्षे ओळखत होत्या. त्यांच्या जिभेवर शब्द आला आणि क्षणभर अडला, कारण तो खरा नव्हता. त्या मिरजेत होत्या.

"आले हं," त्या म्हणाल्या.

टप्प असा बारीक आवाज झाला. मग पंख्याची घरघर. मग प्राणवायूच्या संचाची ती ओळखीची, कंटाळवाणी फुसफुस, जी ऐकून रोज त्यांची झोपमोड होई.

"लागलं, ताई," सानिका म्हणाली आणि रडू लागली. "दिवेपण लागले."

तिच्यामागून सुमेधरावांचा आवाज आला, शब्दाशब्दाला थांबत. "आलीस? दार... तर वाजलं नाही."

"निघतेय," ताई म्हणाल्या. "आता निघतेय."

*

त्यानंतरचे दोन महिने ताईंना एका लांबलचक दिवसासारखे आठवत. इथून गेलेल्या सवयिका परत मागवल्या. त्यांच्या जागी दुसऱ्या शहरातून, खरोखरच मुक्या ठेवलेल्या, आणून बसवल्या. इथे फळ्यांवर होत्या त्यांचे काय करायचे, यावर शिरीनचे म्हणणे सरळ होते. सवय पुसता येत नाही. सवयीवर सवय चढवावी लागते. ती म्हणे, याला आपण प्रतिसवय म्हणू. आणि ज्या आवाजाने बिघडल्या, त्याच आवाजाने त्या लवकर सुधारतील.

म्हणून ताई फळ्यांपुढे स्टूल घेऊन बसत. त्या "वाढव" म्हणत, शिरीन प्रवाह वर नेई. त्या "बंद" म्हणत, शिरीन प्रवाह उतरवी. पहिल्या दिवशी 'बंद' हा शब्द त्यांच्या घशातून निघेना.

"ताई, औषध समजून घ्या. कडू आहे इतकंच."

"औषध आपण गिळतो गं. हे ओकायचं आहे."

पण त्यांनी ते केले. सकाळी, दुपारी, निरांजन लावण्याआधी. वाढव, बंद, वाढव, बंद. शब्दाला शब्द राहिला नाही इतक्या वेळा. घरी जाऊन सुमेधरावांच्या खाटेशी बसून पुन्हा तेच, कारण तिथली सवयिका बदलायला सुमेधराव तयार नव्हते. "ती तुझ्या... हाताखाली वाढलीय," ते म्हणाले. "माणूस... चुकीचं शिकला म्हणून काय... हाकलून देतेस?" तेव्हा तिलाही तिथल्या तिथे सुधारले. हळूहळू 'वाढव' म्हटले की प्राणवायू जास्त येऊ लागला. शिरीनने येऊन काटे लावून खात्री करून घेतली.

एका दुपारी चौगुल्यांचा फोन आला.

"बाई, माझ्या दिव्याचं राहिलंच."

ताईंच्या हातात पट्टीतारांचा गुंता होता. तो तसाच धरून त्यांनी या वेळी विचारले, "चौगुले, तुमच्याकडं दारातून जाताना 'येते हं' असं कोण म्हणायचं?"

"आमची मंडळी. ओवी. कोल्हापूरला बहिणीकडं निघाली होती. येते हं म्हणाली. असंच म्हणतात की दारातनं जाताना, जाते कुणी म्हणतं का? तिथंच रात्री झटका आला. मी गेलो तिकडं, सगळं केलं तिकडंच. परत आलो तर दिवा जळत होता. तवापासनं जळतोय."

ताईंनी फोन शिरीनकडे दिला आणि गुंता सोडवायला लागल्या. शिरीनचे बोलणे त्यांना ऐकू येत होते. इथे रोज 'येते हं'मागून दारावरचा दिवा लागतो, आणि दुसऱ्या दिवशी 'आले हं' ऐकून तो जातो. हे एकदाही चुकलेले नाही. म्हणून त्या सवयिकेला पक्के ठाऊक आहे, की येते म्हणून गेलेले माणूस येते. बाकीच्या घरांतही दिवे लागत असतील. माणसे परत येत असतील, दारात काहीतरी म्हणत असतील आणि दिवे जात असतील. म्हणून तिथून तक्रार आली नाही.

"मग तिला शिकवा की, डॉक्टरबाई," चौगुल्यांचा आवाज फोनबाहेरही येत होता. "'वाढव' उलटं शिकवलंत म्हणे. तसं हेही शिकवा, कधी कधी माणूस येत नाही म्हणून."

"सवय पुन्हा पुन्हा घडल्यानं लागते, काका. कायमचं जाणं प्रत्येकाचं एकदाच होतं. एकदा घडलेल्या गोष्टीची सवय कशी लावणार? ते हिला कधीच शिकवता येणार नाही. भाग बदलून देते. नाहीतर कुणा बाईमाणसानं दारात उभं राहून 'आले हं' म्हटलं, तर जाईल दिवा."

"कुणी बी?"

"बहुतेक कुणीही."

"मग राहू दे," चौगुले म्हणाले. "भाग नको. 'वाढव' मी नाही म्हणणार, माझ्याकडं वाढवायसारखं काय राहिलंय? वीजबिल तेवढं येतं. येऊ दे."

फोन ठेवल्यावर ताईंनी सोडवलेल्या तारा एकेक करून गुंडाळल्या, लांबीप्रमाणे खणात लावल्या.

त्या संध्याकाळी घरी पोचताना त्यांनी आपल्या दाराकडे प्रथमच नीट पाहिले. दारावरचा दिवा लागलेला होता. इतके दिवस त्यांना वाटे, सुमेधराव लावायला सांगतात. त्या उंबऱ्यात आल्या, "आले हं," म्हणाल्या, आणि डोक्यावरचा दिवा गेला. आत जाऊन त्यांनी सगळी हकीकत सांगितली. सुमेधरावांनी डोळे मिटून ऐकली.

"म्हणजे तू गेलीस की... आम्ही दोघं... वाट बघतो," ते म्हणाले.

*

पौषात सुमेधरावांचे दुखणे वाढले. या वेळी हा शब्द नेहमीच्या अर्थाचा होता. संगणकाने सगळे केले, जेवढे त्याच्या हातात होते तेवढे. मग एका दुपारी डॉक्टर म्हणाले, आता घरी नको.

रुग्णवाहिका आली. दोन सेवकांनी सुमेधरावांना चाकाच्या खुर्चीत बसवले, नाकाशी नळी, मांडीवर नळकांडे. ताई पिशवीत औषधे, चष्मा, टॉवेल भरत होत्या आणि काहीतरी राहतेय असे त्यांना सारखे वाटत होते. खुर्ची उंबऱ्याशी आली, तेव्हा सुमेधरावांनी हात वर केला. सेवक थांबले.

ते दाराच्या चौकटीकडे बघत होते. त्यांनी श्वास गोळा केला. तो गोळा करायला त्यांना बराच वेळ लागला.

"येते हं," ते म्हणाले.

पाठीमागचा सेवक वाकला. "काका, येतो म्हणायचं. येते बाया म्हणतात." मग ताईंकडे बघून हळूच म्हणाला, "होतं असं. प्राणवायू कमी पडला की शब्द चुकतात."

ताईंना कळले होते. शब्द चुकला नव्हता. 'येतो' त्या यंत्राला कुठे ठाऊक होते? सुमेधरावांच्या तोंडाचा एक कोपरा उचललेला होता, लग्नानंतर पहिल्यांदा ताईंची थट्टा केली होती तेव्हा उचललेला होता तसा. भर दुपारच्या उन्हात, कुणाच्याही ध्यानात येऊ नये इतका फिका, दारावरचा दिवा लागला होता.

दवाखान्यात त्यांना आत घेतले. बाहेर बसायला सांगितले. संध्याकाळी परिचारिका येऊन म्हणाली, त्यांना गरम बंडी हवी, आणि आणखी दोन-चार दिवसांचे कपडे. "कसे आहेत?" या प्रश्नाला तिने "बघू या" म्हटले.

ताई रिक्षाने घरी आल्या. गल्लीच्या तोंडापासूनच दिवा दिसत होता. आता अंधार पडल्यामुळे तो चांगला उजळ वाटत होता. त्यांनी फाटक लोटले. पायऱ्या चढल्या. पायातल्या चपला काढल्या. उंबऱ्यात पाऊल ठेवले तसा आयुष्यभराच्या सवयीने शब्द ओठांवर आलाच.

त्यांनी ओठ मिटले. पदराचे टोक हातात घेऊन तोंडावर धरले, आणि चोराने शिरावे तशा, एक अक्षर न बोलता, दिव्याखालून घरात गेल्या.